शून्य की ओ

घाटंजीच्या बाजारातून हेमराजच्या मामानं आणलेली
पिवळी कॅसेट. वरचं चित्र अर्धं उखडलेलं:
एक बुटका, हातात कंदील,
मागे मुंगळ्यांसारखी जपानी अक्षरं.
नाव कुणाला वाचता येईना.
आम्ही त्याला कंदील्या म्हणालो.
पुढे कळलं, जगात त्याचं दुसरंच नाव आहे,
त्याच्या टोप्या आहेत, कपबशा आहेत.
उईकेंच्या गोठ्यालगतच्या खोलीपुरता
तो कंदील्याच राहिला.

सेव्ह नव्हतं तेव्हा.
मेलो की पडद्यावर सोळा अक्षरं यायची,
ती उतरवून घ्यायची, दुसऱ्या दिवशी तशीच भरायची.
वही संपल्यावर चुन्याच्या भिंतीवर, कोळशानं.
शून्य कोणतं आणि ओ कोणता
यावरून हेमराजची नि माझी
एकदा खरीखुरी मारामारी झाली.
त्याच्या आईनं दोघांनाही
शेणाच्या हातानं हाणलं.

आणि लाईन.
लाईन जायची ती बरोबर पुलावर.
खाली काळं पाणी, पलीकडे दीपमाळ,
बाटलीत शेवटचं तेल,
टप्.
कूलरचा पंखा हळूहळू थांबायचा,
वाळ्यातून थेंब पडत राहायचे,
दारात मे महिना कुत्र्यासारखा धापा टाकत बसलेला.
हेमराज म्हणायचा,
"एमएसईबीत चांगला माणूसच नाही बे एकही."

दुसरा भाग आमच्याकडे आलाच नाही.
तिसरा सगळ्यांत चांगला. यावर वाद नको.
त्यातलं जंगल पाहून हेमराज म्हणाला होता,
"हे काढणाऱ्यानं मोहाचं झाड पाह्यलं हाय,"
मी आजही तेच मानतो.
चौथ्यात घोडा दिला. कशाला?
कंदील्या पायी चालणारा माणूस.
पाचव्यात सगळं गोल झालं, कॅमेरा फिरायला लागला,
यवतमाळच्या कॅफेत तासाला वीस रुपये देऊन
मी भिंतींना धडकत होतो.
सहाव्यात तेल खऱ्या पैशांनी विकत घ्यावं लागतं.
त्याबद्दल बोलत नाही.
सातव्यात त्याला आवाज दिला,
गोड, इंग्रजी, सर्दी झाल्यासारखा.
वीस वर्षं माझ्या डोक्यात तो म्हणत होता,
"थांब बे, पाहू दे मले पुढं काय हाय."
मी आवाज बंद करून खेळलो.

मी आता सबस्टेशनला ऑपरेटर आहे.
फीडर बंद करायची वेळ कागदावर येते, मी करतो.
कधीकधी हात थांबतो,
कुठल्या तरी पोट्ट्याचा पूल असेल.
क्षणभरच. रजिस्टरला वेळ लिहायची असते.

आठव्यात त्यांनी पहिलाच पुन्हा बनवला.
गवत हलतं. पाण्यात कंदील थरथरतो.
पूल इतका रुंद की बंडी जाईल.
डिस्क काढणारच होतो,
तर मेन्यूच्या तळाशी, बारीक अक्षरांत,
जुना पासवर्ड टाकायची जागा.

रविवारी गाडी काढली.
हेमराज हैदराबादला, लिफ्ट बसवतो.
खोलीत आता सोयाबीनची पोती.
त्याच्या भावानं, धनराजनं, सहा पोती सरकवून दिली
आणि मग विचारलं,
"काय शोधून राहिले भाऊ, मीटर?"
चुना दोनदा फिरला होता. तरी दाराआड
कोळसा वर आलेला, पंधरा अक्षरं ठळक,
आणि अकराव्या जागी एक गोल.

घरी येऊन शून्य टाकलं. चूक.
ओ टाकला.
गवत गेलं, थरथर गेली,
तेच चौकोनी ठिपके, तोच वीतभर पूल,
दोन जीव, तळाला टेकलेलं तेल.
ओ हेमराज म्हणत होता.
शून्य मी.

फोन लावला. मागे ड्रिल चालू.
"कोणता पूल?"
मग ड्रिल थांबलं.
"ओ होता ना?"
"हो."
"मंग? केला का पार?"
"नाही. दिवाळीत ये."

तेवढ्यात लाईन गेली,
इन्व्हर्टरनं बारीक शिटी मारली.
कंदील्या पुलाच्या अलीकडे
जागच्या जागी पाय हलवत उभा,
एक-दोन, एक-दोन,
जुन्या खेळांत उभे राहतात तसा.